नाल काढली तरी नालबंद हवाच

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नालबंदीचे काम बहुतांशी मुस्लिम कारागिरांच्या हाती राहिले आहे. बापाकडून मुलाकडे आलेला हा हुन्नर. त्यासाठी ना शाळा, ना प्रमाणपत्र. पण गेल्या काही दशकांत या धंद्याची गिऱ्हाइके झपाट्याने कमी झाली. मिरज-सांगलीच्या स्टेशनांबाहेर रांगेने उभे राहणारे टांगे रिक्षांनी हटवले. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तर उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. बैलांना पत्री मारण्याचे काम उसाच्या हंगामात मिळते, परंतु ट्रॅक्टर आल्यापासून तेही पूर्वीसारखे राहिलेले नाही.

अशा वेळी एक नवाच विचार घोडेमालकांच्या कानावर येऊ लागला आहे. घोड्याला नाल ठोकू नये, त्याला उघड्या पायानेच राहू द्यावे, असा तो विचार. युरोप-अमेरिकेत त्याला बराच पाठिंबा मिळाला आहे. आपल्याकडच्या नालबंदाला हे ऐकून वाटते की, आता उरलासुरला धंदाही बुडाला. हा समज बरोबर नाही. नाल ठोकणे हे नालबंदाचे अर्धे काम आहे. त्याआधी खूर तासून नीट करणे हे दुसरे अर्धे काम, आणि तेच अधिक कसबाचे. नाल निघाली तर हे दुसरे काम थांबत नाही, उलट त्याची गरज वाढते. म्हणून हा विषय कारागीर आणि घोडेमालक या दोघांनीही नीट समजून घेतला पाहिजे.

नाव जुने, काम जुने

‘नअल’ या अरबी शब्दाचा अर्थ पायतण असा आहे. त्याला फारसी ‘बंद’ जोडला गेला आणि ‘नालबंद’ हा शब्द आपल्या भाषेत स्थिरावला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘नालबंदी’ हा शब्द आणखी एका अर्थाने आढळतो. स्वारीवर निघण्यापूर्वी स्वारांना जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिलाही नालबंदी म्हणत. घोडदळाच्या जमान्यात घोड्याच्या पायाला किती महत्त्व होते, हे यावरून दिसते.

मात्र घोडा माणसाळला तेव्हा खिळ्यांची नाल नव्हती. प्राचीन ग्रीकांचे घोडे नालेविनाच लढाईत जात. ग्रीक सेनानी झेनोफोन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांसंबंधी जे लिहून ठेवले, त्यात खूर कणखर होण्यासाठी घोड्याला गोल दगडांच्या फरशीवर उभे करावे असा सल्ला आहे. खिळ्यांच्या नालेचा सर्रास वापर त्यानंतर कित्येक शतकांनी सुरू झाला.

आपल्याच भागातील दाखला द्यायचा तर मेंढपाळ धनगरांच्या तट्टूंचा देता येईल. माण, फलटण या भागांतील धनगर बांधव पावसाळा कोरड्या मुलखात काढतात आणि दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरतात. त्यांचे बिऱ्हाड तट्टूंच्या पाठीवर असते. ही तट्टे दगडगोट्यांतून शेकडो किलोमीटर चालतात, आणि बहुधा त्यांच्या पायांत नाल नसते. याच भीमथडी तट्टूंची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ साली घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

खूर म्हणजे नुसते शिंग नव्हे

घोड्याचा पाय उचलून तळ पाहिला की चार गोष्टी दिसतात. बाहेरची कठीण भिंत, तिच्या आत एक बारीक पिवळट-पांढरी रेघ, मग तळवा, आणि मधोमध टाचेकडून पुढे आलेला त्रिकोणी, रबरासारखा भाग. या भागाला नालबंद ‘पुतली’ म्हणतात. नालेचे खिळे पांढऱ्या रेघेच्या बाहेर, म्हणजे भिंतीतच राहावे लागतात. रेघेच्या आत खिळा गेला की जिवंत भागाला इजा होते.

घोडा पाय टेकतो तेव्हा भार पडून खुराचा मागचा भाग किंचित पसरतो आणि पाय उचलताच पुन्हा आखडतो. पुतली आणि तिच्यावरची गादी धक्का सोसतात. रक्ताभिसरणालाही या हालचालीची मदत होते. लोखंडी नाल ठोकली की खुराचे हे पसरणे काही प्रमाणात अडते आणि पुतली जमिनीपासून उचलली जाते. वर्षानुवर्षे पुतलीला जमीन लागली नाही तर ती बारीक होते आणि टाचा जवळ येऊ लागतात. नालेला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. टांग्याचा घोडा दिवसभर डांबरी रस्त्यावर धावला तर तिची झीज वाढीपेक्षा जास्त होते आणि घोडा तळव्यावर चालू लागतो. नालेचा शोध याच अडचणीपोटी लागला. म्हणून नाल हा काही गुन्हा नव्हे. ज्याला गरज आहे त्याला ती हवी, ज्याला गरज नाही त्याला सवयीने ठोकू नये, एवढेच.

बाहेरच्या जगात काय घडले

अमेरिकेतील जेमी जॅक्सन हे स्वतः नालबंद होते. १९८२ ते १९८६ या काळात त्यांनी तेथील कोरड्या, खडकाळ प्रदेशातील रानघोड्यांचे खूर पाहिले. ते आखूड, टणक आणि कडेला गोल झिजलेले होते. पाळीव घोड्याचा खूर तसाच छाटावा, हा विचार त्यातून पुढे आला. अमेरिकेत ह्यूस्टनच्या घोडेस्वार पोलिसांनी शहराच्या रस्त्यांवर नालेविना घोडे वापरले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या शर्यतीत स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. त्या संघातील ‘ऑल इन’ आणि ‘किंग एडवर्ड’ हे घोडे नालेविना होते.

तरीही हा वाद मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिकडील रानघोड्यांचे खूर तपासले, तेव्हा त्यांतही अनेक विकार आढळले. जशी जमीन तसा खूर, असाच त्याचा अर्थ निघतो. म्हणून परदेशातील नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपली जमीन कशी आहे, आपला पाऊस किती, जनावराचे काम काय, हे आधी पाहावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत कोणता घोडा उघड्या पायाने राहील?

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. सांगलीकडे जत, आटपाडी, कवठे महांकाळ कोरडे, तर वाळवा, मिरज भागात कृष्णाकाठची काळी चिकण माती. कोरड्या माळावरच्या घोड्याचा खूर टणक असतो, तर सतत चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याचा मऊ. मऊ खूर लवकर झिजतो, कडेने तुटतो आणि त्यात खडे रुततात.

माळावर चरणारी तट्टे, शेतावरचे घोडे, शिंगरे, म्हातारे झालेले आणि विश्रांतीवर असलेले घोडे यांना नालेची गरज सहसा नसते. वरातीच्या घोडीला चाल कमी असते, त्यामुळे तिचे खूर चांगले असतील तर तीही उघड्या पायाने राहू शकते. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांचा निर्णय एकेक घोडा पाहूनच करावा. टेबललँडचा जांभा खडक सपाट आहे, पण तिथवर रोज डांबरी रस्त्याने चढउतार होत असेल तर तेवढी झीज हिशेबात धरावी लागते. डांबरावर रोज गाडी ओढणारा, पक्क्या रस्त्यावर शर्यतीसाठी पळणारा किंवा पायात जुना दोष असलेला घोडा यांची नाल घाईने काढू नये. उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाची गोष्ट तर अगदी वेगळी. त्याचा खूर दुभंगलेला, ओझे मोठे. त्याच्या पत्रीला हा लेख लागू नाही.

छाटणी कशी करावी?

येथे नालबंदांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. नालेसाठी तासणे आणि उघड्या पायासाठी तासणे ही दोन वेगळी कामे आहेत. नाल बसावी म्हणून आपण खूर खालून सपाट करतो आणि तळवा सुरीने मोकळा करतो. उघड्या पायाच्या घोड्याला तसेच तासले तर तो दुसऱ्या दिवशी खड्यावर पाय ठेवू शकणार नाही. ‘नाल काढली आणि घोडा लंगडला’ अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा या चुकीच्या तासणीत असते.

पहिली पायरी पाहण्याची. घोडा सपाट जागी उभा करून पुढून व बाजूने पाहावा, मग चालवून पाहावा. निरोगी पाय आधी टाचेवर किंवा सपाट टेकतो. घोडा पुढचे टोक आधी टेकत असेल तर टाचेत दुखणे असण्याची शक्यता असते. बाजूने पाहताना घोट्याखालच्या भागाचा उतार आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार एका रेषेत असावा.

नंतर बोथट आकड्याने तळ साफ करावा. तळव्यावरचा भुगभुगीत, मेलेला थर सहज निघेल तेवढाच काढावा. टणक, चकचकीत तळव्याला सुरी लावू नये. तेच घोड्याचे खरे पायतण. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबला तर तो पातळ आहे, तेथे हात आवरावा. गुलाबी छटा दिसली की त्या जागी काम तत्काळ थांबवावे.

भिंत जंबुराने कापून कानशीने तळव्याच्या कडेबरोबर आणावी, फार तर दोनेक मिलिमीटर वर ठेवावी. दोन्ही टाचा सारख्या उंचीच्या असाव्यात. फार वाढलेली टाच एकाच वेळी खाली आणू नये, दोन-तीन फेऱ्यांत आणावी. शेवटी भिंतीची बाहेरची कड कानशीने सगळीकडून गोल करावी. ही गोलाई उघड्या पायाच्या छाटणीतील मुख्य गोष्ट आहे. धारदार कड दगडावर आपटून फुटते, गोल कड फुटत नाही. पुतलीच्या फक्त लोंबत्या चिंध्या काढाव्यात, तिला सुबक करण्यासाठी कोरू नये. खुराच्या बाहेरच्या अंगाला वरपर्यंत कानस मारून चकाकी आणण्याची हौसही टाळावी. ती नैसर्गिक झिलई खुरातील ओलावा राखते.

ही छाटणी दर चार ते सहा आठवड्यांनी व्हावी. थोडे थोडे आणि वेळेवर, हा नियम. तीन महिन्यांनी एकदाच भरपूर कापणे जनावराला त्रासाचे ठरते.

नाल काढण्याचा काळ

वर्षानुवर्षे नाल असलेला घोडा एका रात्रीत उघड्या पायाचा होत नाही. केसांच्या कडेपासून निघालेली नवी भिंत पुढच्या टोकापर्यंत पोहोचायला नऊ ते बारा महिने लागतात. खिळ्यांची भोके खाली सरकून निघून जाण्यास काही महिने जातात. या काळात घोडा खड्यांवर दबकत चालू शकतो. त्याला हलके काम द्यावे आणि रोज थोडा वेळ आधी मातीवर, मग मुरमावर चालवावे. परदेशात यासाठी काढता-घालता येणारे खुराचे बूट मिळतात. चामडे व रबराचे काम जाणणाऱ्या कारागिरांनी त्याचा विचार करण्यासारखा आहे. मात्र माप चुकले तर बूट पायाला जखमा करतो, हे विसरू नये.

पाचगणी-महाबळेश्वरच्या मालकांना सोयीचा काळ म्हणजे पावसाळा, कारण तेव्हा धंदा बंद असतो. पण अडचणही त्याच काळाची आहे. चार महिने ओल्या जागी उभा राहिलेला घोडा दिवाळीच्या गर्दीत एकदम खडकावर उतरवला तर तो लंगडणारच, आणि हंगामाचे दिवस हातचे जातील. म्हणून जूनमध्ये नाल काढायची असेल तर उभे राहण्याची जागा आधी मुरूम घालून कोरडी करावी. मूत्र व लीद रोज काढावी. पुतलीच्या खाचेतून काळा, दुर्गंधी स्राव येऊ लागला तर पुतली सडते आहे असे समजावे. दिवाळीपूर्वी पंधरा दिवस घोडा खडकावर चालवून पाहावा. तो बिनधास्त चालला नाही तर त्या हंगामापुरती नाल ठोकावी. यात कमीपणा काही नाही.

चाऱ्याचा खुराशी संबंध

चांगली छाटणीही चुकीच्या चाऱ्यापुढे हरते. धान्याचा मारा, फार गोड चारा किंवा पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत एकदम पोटभर मिळाले तर घोड्याच्या खुरात आतून दाह होतो. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. यात भिंत आणि आतले हाड यांना जोडणारा थर सुटू लागतो. आपल्या ऊसपट्ट्यात उसाचे वाढे आणि गूळ हाताशी असतात, त्यामुळे येथे विशेष जपावे. घोड्याचे मुख्य खाणे सुका चारा हेच असावे. खुराक वाढवायचा तर हळूहळू वाढवावा. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा असेल, खूर गरम लागत असतील आणि घोट्यामागची नाडी जोरात उडत असेल, तर सुरी-कानस बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

खुरात खिळा किंवा काटा रुतला तर धनुर्वाताचा धोका असतो. घोड्याला हा रोग फार लवकर जडतो, म्हणून लस वेळेवर टोचून घ्यावी. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगली भागात ‘ॲनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून कष्टकरी जनावरांसाठी काम करते. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेतच. लंगड्या किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही मालकांनी ध्यानात ठेवावे.

धंद्याचा हिशेब

नालबंदाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. एका थांब्यावर चाळीस घोडे आहेत आणि प्रत्येकाची सहा आठवड्यांनी छाटणी करायची आहे असे धरू. म्हणजे आठवड्याला सात घोडे आणि वर्षाला साडेतीनशेच्या आसपास छाटण्या. जाणत्या हाताला एका घोड्यासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. नालेच्या मजुरीत लोखंड आणि खिळे यांचा खर्च धरलेला असतो. छाटणीत तो खर्च नाही, जे मिळते ते हाताच्या कसबाचे. साहजिकच छाटणीचा दर नालेपेक्षा कमी राहील, पण वर्षभराचे ठरलेले काम हाती येईल.

यासाठी मालकाशी एकेका फेरीचा सौदा न करता वर्षाचा ठराव करावा. वहीत प्रत्येक घोड्याचे नाव, तारीख आणि पायाची नोंद ठेवावी. पुढच्या खेपेची तारीख तेथेच सांगावी. छाटणी फुकटची समजून नालेच्या मजुरीत दडवण्याची जुनी रीत सोडावी. ज्या कामाचा दर आपण सांगत नाही, त्या कामाची किंमत गिऱ्हाईक ओळखत नाही. नालबंदांच्या परवान्यासाठी केंद्र सरकारचे नियम १९६५ पासून आहेत. आपल्या गावी ते कसे लागू होतात, याची चौकशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे करावी.

मालकांनीही एक विचार करावा. नाल नको म्हणजे नालबंद नको असे समजून ज्याने पैसे वाचवले, त्याच्या घोड्याचे खूर चार महिन्यांत वाढून फाटतात. मग हंगामातला एक आठवडा घोडा बसून राहिला तर वाचवलेले सगळे गेले, आणि जनावराचे हाल झाले ते वेगळेच.

हत्यारांचा काळ सरला तेव्हा मिरजेच्या शिकलगारांपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तंतुवाद्यांकडे वळवला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच परंपरेचे फळ. नालबंदाला तर इतकेही दूर जावे लागणार नाही. त्याची कानस तीच, जंबूर तोच, जनावरही तेच. खिळे ठोकण्याआधी जे काम तो आजवर मुकाट्याने करीत आला, तेच त्याने पूर्ण शिकून घ्यावे आणि त्याचे दाम मागावे.